वेळापत्रकाबाहेरचं संगीत

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत संगीत नाही, असं म्हटलं तर अनेक मुख्याध्यापकांना ते पटणार नाही, आणि त्यांचा आक्षेप निराधारही नाही. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रार्थना असते. श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेल्या आणि शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा मान मिळाला आणि तेही परिपाठात आलं. प्रजासत्ताक दिनाला लेझीम आणि बँडपथक असतं, हिवाळ्यात स्नेहसंमेलन असतं, मधूनच समूहगानाची स्पर्धा येते. शाळेच्या आवारात गाणं भरपूर आहे. पण आठवीत दाखल झालेला एखादा सर्वसाधारण मुलगा दहावी होऊन बाहेर पडतो, तेव्हा त्या तीन वर्षांत त्याच्या कानात, गळ्यात आणि तालाच्या समजेत कोणती भर पडलेली असते? ज्याच्या घरी पेटी नाही, जो कुठल्या क्लासला जात नाही आणि संमेलनाच्या निवडीत ज्याचं नाव कधी येत नाही, त्या मुलापुरतं उत्तर बहुतेक शाळांत एकच आहे: काहीही नाही. शाळेत संगीत कार्यक्रम म्हणून आहे आणि प्रमाणपत्र म्हणून आहे. शिकण्याचा विषय म्हणून ते नाही. ही स्थिती कशी आली, ती का बदलायला हवी आणि बदलण्याला असलेल्या हरकतींत किती तथ्य आहे, याचा हा आढावा.

मुळात आपल्याकडे संगीतशिक्षणाचं आधुनिकीकरण झालं ते शाळेच्या बाहेर. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते काम मुंबईला आणलं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला. भातखंड्यांनी बंदिशी जमवल्या, स्वरलिपी बसवली आणि क्रमिक पुस्तकं लिहिली. पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची पायरी आज गावोगावी पोहोचली आहे. या माणसांचं ऋण मोठं आहे. घराण्यांच्या चार भिंतींतलं गाणं त्यांनी मध्यमवर्गीय घरांना, विशेषतः मुलींना खुलं केलं. मात्र त्यांनी उभारलेली व्यवस्था सार्वजनिक शाळेला समांतर राहिली. चित्रकलेशी तुलना केली की हे स्पष्ट दिसतं. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली, पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा सरकारी यंत्रणेमार्फत होऊ लागल्या आणि त्यांची तयारी शाळेतच होत गेली. म्हणून हायस्कूल म्हटलं की चित्रकलेचे सर ओघाने आले. संगीताची परीक्षा खासगी मंडळाची आणि तयारी खासगी क्लासची राहिली. त्यामुळे संगीत शिक्षक हे पद शाळेच्या रचनेत कधी रुजलंच नाही. काही जुन्या संस्थांनी स्वतःच्या हिमतीवर ते टिकवलं, तेवढाच काय तो अपवाद.

दहावीच्या अतिरिक्त गुणांची योजना याच पायावर उभी आहे, त्यामुळे तिचा हेतू चांगला असूनही ती हवं ते साधत नाही. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, चित्रकलेत श्रेणी मिळवणाऱ्यांना आणि लोककलेचे ठरावीक प्रयोग केलेल्यांना राज्य मंडळ जादा गुण देतं. कलेला अभ्यासाच्या बरोबरीने मोजायची ही इच्छा स्वागतार्हच होती. २०१७ च्या निकालात १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यात या गुणांचा वाटा होता. मग टीका झाली आणि गुण कमी करण्यात आले. पण त्या चर्चेत निकाल फुगला की नाही एवढंच बोललं गेलं. शाळा जे शिकवतच नाही, त्याचे गुण शाळेच्या निकालपत्रकात कसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. प्रारंभिकपासून मध्यमापर्यंत जायला चार-पाच वर्षं लागतात. क्लासची फी, परीक्षेची फी, घरात पेटी किंवा तबला आणि मुलाला संध्याकाळी नेऊन आणणारं माणूस, एवढं ज्या घराला परवडतं त्या घराला हे गुण मिळतात. ती मुलं मेहनत करतात यात शंका नाही, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अनुदानित शाळेतली कातकरी वस्तीवरची मुलगी या शर्यतीच्या रेषेपर्यंतही पोहोचत नाही. तिच्या शाळेने तिला एक सरगमदेखील शिकवलेली नसते.

कायद्यातली फट याहून खोल आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायला हवेत. म्हणजे शंभराच्या आतल्या शाळांना काही नाही, आणि ग्रामीण भागात अशाच शाळा जास्त. ‘कलाशिक्षण’ या एका शब्दात चित्र, संगीत, नाट्य सगळं कोंबलेलं, त्यामुळे एक चित्रकार नेमला की अट पूर्ण. शिवाय कायदा चौदाव्या वर्षाशी थांबतो, म्हणून नववी-दहावी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. त्या दोन इयत्तांसाठी राज्यात ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय आहे आणि त्याचं पुस्तकही आहे. मात्र श्रेणी शाळेनेच द्यायची, बाहेरून तपासणारं कोणी नाही आणि शिकवायला त्या विषयाचं माणूस नाही. अशी तासिका गणित-विज्ञानाच्या जादा तासाला जाते, हे शिक्षकांना आणि पालकांना सारखंच ठाऊक आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला अनिवार्य असावी असं सुचवलं होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि सहशालेय उपक्रम ही भिंतच पाडायची भाषा केली. कागदावर या विषयाचा कैवार घेणारे कमी नाहीत. तासिका आणि पद या दोन गोष्टींपाशी येऊन प्रत्येक कागद अडतो.

संगीताची बाजू मांडणारे बहुतेक लोक इथे एक सोपा युक्तिवाद करतात: संगीत शिकल्याने बुद्धी वाढते, गणित सुधारतं. हा आधार सोडून द्यावा असं मला वाटतं, कारण तो कच्चा आहे. ‘मोझार्ट परिणाम’ म्हणून गाजलेला १९९३ चा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि त्यात दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. पुढे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १ लाख १२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत संगीत घेतलेल्या मुलांचे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे गुण इतरांपेक्षा चांगले असल्याचं त्यात दिसलं. पण ही मुलं संगीत निवडणारी होती. संगीतामुळे ती हुशार झाली की मुळात चिकाटी असलेली मुलंच संगीताकडे वळली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. सला आणि गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास, म्हणजे सुमारे सात हजार मुलांची माहिती, एकत्र करून पाहिली. प्रयोगाची मांडणी जितकी काटेकोर, तितका संगीताचा इतर विषयांवरचा परिणाम शून्याकडे सरकताना दिसला. संगीताचं समर्थन गणिताच्या गुणांवर उभं केलं, तर असा एक अहवाल तासिका काढून घ्यायला पुरेसा ठरेल. इतिहास शिकवल्याने भूमिती सुधारते का, असं आपण विचारत नाही. आपल्या समाजाची एक मोठी ठेव प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवणं हे शाळेचं काम आहे म्हणून इतिहास शिकवतो. संगीताला हाच न्याय लावावा.

‘प्रत्येक मुलापर्यंत’ या शब्दांवर माझा भर आहे, आणि त्याला कारण व्हेनेझुएलातून मिळतं. होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये तिथे ‘एल सिस्तेमा’ ही वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. गरीब मुलांना मोफत वाद्य आणि मोफत शिक्षण देणारी ही योजना जगभर वाखाणली गेली. पुढे सोळा केंद्रांतल्या सुमारे २,९०० मुलांचा नीट अभ्यास झाला. मुलांच्या आत्मसंयमात थोडी सुधारणा दिसली, बाकी परिणाम माफक निघाले. त्यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच होता: त्या प्रांतांत गरिबीचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास असताना योजनेत आलेल्या मुलांमध्ये ते जेमतेम १७ टक्के होतं. दार उघडं ठेवलं, फीही घेतली नाही, तरी आत येणारी मुलं तुलनेने सुस्थितीतलीच होती. ऐच्छिक आणि शाळेबाहेरच्या उपक्रमाचा हा स्वभावच आहे. आपल्याकडचे उपक्रम तर त्याहून चिंचोळे. २०१५ पासून चालणारा कला उत्सव शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा चाळणीतून मुलं वर पाठवतो. समूहगानाच्या स्पर्धेला आठ-दहा गळे निवडले जातात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला बसतो. हुशार मुलाला व्यासपीठ मिळणं गरजेचं आहेच. पण शाळेचं सगळं सांगीतिक बळ निवडलेल्या दहांवर खर्च होत असेल, तर उरलेल्या पन्नासांना एकच गोष्ट नकळत शिकवली जाते: गाणं हे दुसऱ्यांचं काम. याला अपवाद म्हणून शाळांच्या ढोल-लेझीम पथकांचं नाव आदराने घ्यायला हवं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांनी गाण्यासाठी न निवडलेल्या मुलांना, आणि पुढे मुलींनाही, एका ठेक्यात बांधलं. पन्नास जणांनी एक सम गाठण्यातला आनंद त्या मुलांना मिळाला. तो हंगामापुरता असतो एवढीच त्याची मर्यादा.

यावरची जुनी हरकत अशी की गळा ही देणगी असते आणि सगळ्यांना गायला बसवून काय मिळवणार? संशोधन याला फारसा दुजोरा देत नाही. स्वरांतला फरक जन्मतःच न कळणाऱ्या माणसांचं प्रमाण इझाबेल पेरेझ यांच्या २०१७ च्या पाहणीत दीड टक्क्याच्या आसपास आहे. साठ मुलांच्या वर्गात असं फार तर एखादं मूल असेल. बाकीच्यांची अडचण सवयीची असते, आणि माध्यमिक वयात तिच्यात आणखी एक अडचण मिसळते, जिच्याविषयी आपल्या शाळा गप्प आहेत. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. सातवीपर्यंत काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा वर्षभरात तिथे पोहोचू शकत नाही, खालचे स्वरही अजून बसलेले नसतात आणि मधल्या पट्टीत आवाज अचानक चिरकतो. वर्ग हसतो. त्या दिवसापासून तो परिपाठात फक्त ओठ हलवतो, आणि अशा मुलांतले अनेक जण पुढे आयुष्यभर तेच करतात. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, पण सावकाश, म्हणून ते लक्षात येत नाही. शिक्षक पेटीवर एकच पट्टी धरतो, ती मुलींना सोयीची असेल तर मुलं खाली कुठेतरी भरकटतात, आणि मुलांसाठी पट्टी उतरवली तर मुलींचा आवाज दबतो. यावर उपाय अवघड नाहीत. आवाज फुटलेल्या मुलांना काही महिने पाच-सहा स्वरांच्या आवाक्यातल्या चाली द्यायच्या, षड्ज-पंचमाचा आधारस्वर धरायला लावायचं, ताल सांभाळायला द्यायचा, आणि हे प्रत्येकाचं होतं, काही महिन्यांत बसतं, हे वर्गात मोकळेपणाने सांगायचं. गृहविज्ञानात किंवा शरीरशास्त्रात वयात येण्याचा धडा असतो, त्यात स्वरयंत्राच्या वाढीचं एखादं वाक्यही असतं. त्या वाक्याचा गाण्याशी संबंध जोडणारं माणूस मात्र शाळेत नसतं. बी.एड.च्या प्रशिक्षणातही ही माहिती मिळत नाही.

गाव पातळीवर सरसकट शिकवलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या पारोकियाल शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला, चर्चमध्ये गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती व्यवस्था धर्मासाठी होती, सर्व जातीधर्मांच्या मुलांना खुली नव्हती, आणि तिचं अनुकरण कोणी सुचवणार नाही. तरी अगदी लहान गावांतून आलेले, कागदावरचं संगीत वाचणारे वादक त्यातून तयार झाले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा वाद्यवृंद त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, ट्रंपेटवादक चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावं. हे सगळे जन्मजात असामान्य होते, बाकी गावात गुण नव्हते, असं मानायला आधार नाही. गावाच्या शाळेत संगीत शिकवणारा मेस्त, म्हणजे गुरुजी, होता, म्हणून गुण दिसले.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: शिकवायचं म्हणता, पण कोणाचं संगीत? गांधर्वच्या अभ्यासक्रमाची चौकट ख्यालाची आहे. ती तशीच वर्गात आणली तर हलगी, संबळ, डाहाका वाजवणाऱ्या घरांतली मुलं परत बाहेरच राहतील. गोंधळ्याच्या मुलाला संमेलनात संबळ वाजवायला बोलावतात, पण वर्गात त्याच्या ठेक्याला विद्या म्हणून कोणी ओळखत नाही. ही हरकत मला पूर्ण मान्य आहे, आणि तिचं उत्तर अभ्यासक्रम रुंद करणं हे आहे. दादरा, केरवा आणि भजनी ठेका टाळी-खालीसह हाताने धरणं, एक साधा अलंकार स्वरात म्हणणं, ओवी, भारूड, पोवाडा आणि लावणी यांतला फरक कानाने ओळखणं, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, विठाबाई नारायणगावकर आणि अमर शेख या चौघांना सारख्याच आदराने ऐकणं, आणि चित्रपटगीताला नाक न मुरडणं. हे सगळं तीन वर्षांत बसतं. धर्माचा मुद्दाही टाळू नये. भक्तिगीत गाण्याची सक्ती कोणत्याही मुलावर नसावी. राष्ट्रगीत न गाता आदराने उभी राहणाऱ्या केरळमधल्या मुलांना शाळेतून काढणं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात चुकीचं ठरवलं होतं. जे राष्ट्रगीताला लागू, ते अभंगाला आणि हम्दला लागू आहेच. अभंगाची चाल ऐकून तिचा ठेका ओळखणं आणि तो अभंग श्रद्धेने गाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेला पहिलीची अपेक्षा करता येते.

वेळ कुठे आहे, असं दहावीचे शिक्षक विचारतील. आठवड्याला एक तासिका, म्हणजे वर्षाला सुट्ट्या वगळता तीसेक. एवढी जागा वेळापत्रकात आधीच आहे, ती फक्त दुसऱ्या विषयांना उसनी दिलेली आहे. शिवाय मराठीच्या पुस्तकात संतांचे अभंग असतात, कविता असतात, परीक्षेत त्यांचं रसग्रहण लिहायचं असतं. ज्या रचना मुळात टाळ-मृदंगासह म्हणायला केलेल्या आहेत, त्यांचं रसग्रहण मुलं एकदाही न म्हणता आणि न ऐकता लिहितात. ओवीतला श्वास, अभंगातला यमकानंतरचा थांबा कानाला कळला तर उत्तरात मार्गदर्शकातली वाक्यं उतरवायची वेळ कमी येईल. याचा अर्थ संगीत मराठीच्या तासाला जोडून द्यावं असा नाही. कलासमावेशक शिक्षणाच्या नावाखाली तसं झालं की कोणत्याही धड्याला एक गाणं चिकटवून काम संपतं. मोबाइलवर सगळं ऐकायला मिळतं, मग शाळा कशाला, या प्रश्नाचंही उत्तर इथेच आहे. मोबाइल मुलाला त्याच्या आधीच्या आवडीच्या जवळचंच पुढे वाढतो. अनोळखी आवाजासमोर दहा मिनिटं शांत बसायला आणि आपला सूर शेजारच्याच्या सुराशी जुळवायला वर्गच लागतो. मोबाइलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची किंमत शाळेला झेपणार नाही, पण तानपुऱ्याचं ॲप फुकट आहे.

राहिला पैसा. वाद्यांचा खर्च वाटतो तेवढा नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये केचकेमेतला पहिली गायनशाळा निघाली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की गळा हे पहिलं वाद्य. खर्च आहे तो माणसाचा. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या असलेल्या शाळेत बारा तुकड्या होतात, म्हणजे आठवड्याला बारा तासिका. पूर्णवेळ शिक्षकाचा भार तीस तासिकांच्या आसपास धरला तर एक संगीत शिक्षक जवळच्या दोन शाळा सहज सांभाळू शकतो. २०२० च्या धोरणातली शाळासमूहाची कल्पना नेमकी यासाठी वापरता येते, आणि स्थानिक कलावंतांना निदेशक म्हणून घेण्याची मुभाही त्या धोरणात आहे. गावच्या भजनी मंडळातला पखवाजी किंवा शाहीर वर्षातले काही तास आनंदाने देईल, पण त्याच्या मानधनावर सगळी योजना टेकवू नये; तुटपुंज्या, अनिश्चित मानधनावर अंशकालीन निदेशकांची जी परवड झाली ती पुन्हा नको. पद मंजूर, पूर्ण वेतनाचं असावं, कलावंत त्याच्या जोडीला यावा. विशारद झालेले शेकडो तरुण आज क्लास आणि कार्यक्रमांवर कशीबशी गुजराण करत आहेत, तेव्हा माणसं मिळणार नाहीत ही सबब टिकत नाही. अतिरिक्त गुणांची योजना तोवर चालू राहिली तरी हरकत नाही, मात्र तिला एक अट जोडावी: ज्या शाळेत संगीताची तासिका प्रत्यक्ष भरते आणि आवाज फुटलेल्या मुलांसकट सगळा वर्ग गातो, त्या शाळेच्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी शासनाने भरावी, आणि शाळेच्या तपासणीत जिंकलेल्या ढालींऐवजी ही तासिका मोजावी.